बाहेर निघालेलं पाऊल

सुमेधा आणि आदिनाथची ओळख झाली ती तिने त्याच्या कामावर पाय दिला म्हणून. अगदी खराखुरा पाय.

श्रीरामपुरातला साठ वर्षांचा बंगला तिने विकत घेतला होता. जुनं घर घ्यायचं, तिथेच मुक्काम ठोकून ते नव्यानं उभं करायचं, चोखंदळ गिऱ्हाइकाला चढ्या भावानं विकायचं आणि पुढच्या गावाला निघायचं, हा तिचा धंदा. हे चौथं घर. चारही घरांत गादी तेवढी तिची.

त्या दिवशी दिवाणखान्यातला लाल कोबा नुकताच घोटून झाला होता. चपला हातात, मोबाईल कानाशी, अशी ती फळीवरून बाहेर निघाली. पुढच्या दाराशी फळी संपली, बोलणं संपलं नाही… आणि उजवा पाय ओल्या कोब्यात.

उंबऱ्याबाहेर थापी धुणारा गवंडी आदिनाथ म्हणाला, “मॅडम, घर तुमचंच हाय. सही करायची एवढी घाई नव्हती.”

“पुसता येईल ना?”

त्याने पावलाकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ. “आता न्हाई. डाग पडंल.”

कोब्याला पंधरा दिवस पाणी मारावं लागतं. ते कुणीही करतं. पण रोज संध्याकाळी आदिनाथ स्वतः यायचा. मग ओल्या सिमेंटच्या वासात, ओट्यावर चहा.

“एवढा जीव लावता, मग घर विकताना काही वाटत न्हाई?”

“तुम्हाला वाटतं? एवढ्या लोकांच्या जमिनी घोटता.”

“मी जातो की परत बघायला. पाहुण्यावानी.”

तिने त्याचा कप पुन्हा भरला.

महिन्याभराने राहात्याचे बागायतदार राधाकृष्णराव घर बघायला आले. त्यांना सगळं पसंत पडलं. पत्नी लंकाबाई मात्र दाराशी थबकल्या.

“हे पाऊल बाहेर निघालंय की गं. घरातनं निघालेली लक्ष्मी कोण विकत घेईल?”

राधाकृष्णरावांनी पेन खिशात ठेवलं. “एवढं बदलून द्या. मग इसाराचे पैसे देतो.”

सुमेधाची सगळी शिल्लक त्या घरात अडकली होती. दुसऱ्याच दिवशी आदिनाथने उंबऱ्यालगतची पट्टी कापून काढली, नवा कोबा घातला. सुमेधा बघायला वाकली तर तिच्या हाताचा अंगठा ओल्या कोब्यात टेकला. त्याने थापीचे दोन हात फिरवले. ठसा गायब.

ती बघत राहिली. “मग त्या दिवशी डाग पडणार होता… तो?”

आदिनाथ थापी पुसत बसला. पुसून झालेलीच पुसत बसला. “दोन मिनटांचं काम हुतं. हात धजला न्हाई. माझ्यापायी तुमचा सौदा मोडत हुता, चुकलंच माझं.”

सौदा आता होणार होता. म्हणजे गादी गुंडाळायची. पहिल्यांदाच तिला त्या निघण्याचा कंटाळा आला.

ती फाटकाशी आली. त्याच्या मोटरसायकलवर गोणपाटात काहीतरी जड बांधलेलं होतं. तिने कोपरा उचलला. लाल तुकडा. पाच बोटं.

“हे कशाला?”

“आमच्या घरचा कोबा अजून व्हायचाय,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “दाराशी बसवीन म्हनतो. बोटं आत करून.”

“एकच पाऊल?”

“दुसरं… तुमी याल तवा.”

कडुनिंबाचा मोहोर गोणपाटावर पडत होता. तिने तो हलकेच झटकला, कोपरा पुन्हा नीट झाकला.

“कोब्याचा माल कधी कालवणार आहेस?” तिने विचारलं. “चपला काढून येते.”