पहिल्या चुकीचं नाव

दातवाल्या काकूंना खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड कसं लागलं, हे विचारायची सोय नव्हती. 'खेळण्यातल्या' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "खेळणी पोरांची असतात. हे मॉडेल आहे," त्या म्हणायच्या आणि विचारणारा गप्प बसायचा.

काकू कवळ्या बनवायच्या. दवाखान्यांतून जबड्यांचे साचे यायचे. घराच्या मागच्या खोलीत बसून काकू मेणाच्या हिरड्या कोरायच्या, त्यात दात बसवायच्या आणि घासूनपुसून परत पाठवायच्या. त्याच खोलीत खिडकीच्या बाजूला एक लांबलचक फळी होती आणि फळीवर रूळ होते. साच्यांसाठी आणलेल्या पांढऱ्या प्लास्टरचेच डोंगर, हिरड्या कोरायच्या हत्यारांनीच घडवलेले प्रवासी. काकूंचे यजमान शाळेत खेळाचे शिक्षक होते, सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची. सर म्हणायचे, "एक दिवस कुणाच्या तरी तोंडात मालगाडीचा डबा बसवशील आणि कवळी रुळावर सोडशील."

असल्या छंदिष्ट लोकांचा इंटरनेटवर एक अड्डा होता. तिथे दाखल होणं सोपं, पण नाव मिळणं अवघड. नवा माणूस यायचा तो 'रेलसम्राट' नाहीतर 'इंजिनकिंग' असं काहीतरी भारदस्त नाव ठरवूनच. अड्डाप्रमुख ते तिथल्या तिथे उडवून लावायचे. तिथला रिवाज एकच होता. मॉडेल बांधताना हातून घडलेली पहिली चूक सांगायची आणि तेच नाव घ्यायचं. चूक स्वतःची हवी, दुसऱ्याची चालत नाही, आणि खरी हवी.

अड्डाप्रमुखांचं स्वतःचं नाव 'उलटी तार'. त्यांनी पहिल्याच दिवशी तारा उलट्या जोडल्या होत्या, आणि पाहुण्यांसमोर दिमाखात सोडलेली गाडी मागे मागे जात टेबलावरून थेट सासूबाईंच्या मांडीत पडली होती. एकाची गाडी दरवेळी एकाच वळणावर अडायची, कारण तिथे मांजर झोपायचं. तो 'मांजर एक्सप्रेस'. एक निवृत्त न्यायाधीश आले आणि आपल्या हातून चूक झालेलीच नाही म्हणून अडून बसले. सगळ्यांनी त्यांना इतकं छळलं की दुसऱ्या दिवशी कबुली आली. ते तेव्हापासून 'स्टेशनावर बसलो'.

काकूंचं नाव 'बुटका बोगदा'. पहिला डोंगर त्यांनी असा झकास केला होता की सरांनीसुद्धा तोंडात बोटं घातली. प्लास्टर वाळलं, इंजिन सुटलं आणि बोगद्याच्या तोंडाशी धुराडं अडकून थांबलं. काकूंनी इंजिनाची उंची मोजली होती, पण धुराडं सोडून! जबड्याचं माप केसाएवढं चुकू न देणाऱ्या बाईच्या हातून हे व्हावं, याची त्यांना पुढे कितीतरी दिवस लाज वाटली. अड्ड्यावर सांगितल्यावर मात्र ती लाज हसण्यावारी गेली. नावाचा तो एक फायदा होता.

यंदा काकूंनी स्वतःचीच गल्ली बांधायला घेतली होती. घरांची रांग, पाण्याची उंच टाकी, कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान आणि त्याच्या पुढचं रेल्वेचं फाटक. खऱ्या फाटकातून कारखान्याकडे जाणारी मालगाडी कधीमधी जायची. फाटक आपोआप पडायचं, लाल दिवा लागायचा. फळीवरचं काम अर्धंच झालं होतं. काकूंनी त्याचा फोटो कुणाला पाठवला नव्हता, आणि खोलीतून निघताना त्या फळीवर चादर घालायच्या. पाहिलं होतं ते फक्त सरांनी.

तो शनिवार होता. सर मुलांच्या सामन्याला सायकलवरून गेले होते. जाताना नेहमीचाच वाद झाला होता. आयुष्यभर शिट्ट्या फुंकून सरांचा उजवा कान पार गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. कानाचं यंत्र आणून दिलं होतं, ते कपाटात पडलं होतं.

"अहो, निदान रस्त्यावर तरी घाला," काकू म्हणाल्या होत्या.

"काय?"

"यंत्र घाला म्हटलं!"

"यंत्र म्हातारे घालतात," असं म्हणून सर निघून गेले होते.

दुपारचं काम उरकून काकूंनी चहा घेतला आणि अड्डा उघडला. नवा माणूस आला होता. त्याने काही भारदस्त नाव मागितलं नव्हतं, रिवाज आधीच ठाऊक असल्यासारखं सरळ नाव घेतलं होतं: 'उघडं फाटक'.

"स्वागत!" उलटी तार यांनी लिहिलं होतं. "चूक सांगा."

"फाटक बंद झालं नाही. गाडी आली."

"गाडी घसरली की काय?" मांजर एक्सप्रेसने विचारलं होतं.

"नाही. गाडीला काही झालं नाही."

खाली एक फोटो होता. काकू चहाचा कप हातात धरून कौतुकाने बघायला लागल्या. काम सुरेख होतं. फाटकाच्या दांड्या वर उभ्या, लाल दिवा विझलेला, बाजूला चौकीदाराची रिकामी खोली. खांबावरचा दिवा किंचित डावीकडे कललेला. काकूंच्या फाटकावरचा दिवाही असाच कलला होता, जोडताना तार जास्त तापली म्हणून.

त्यांनी कप खाली ठेवला आणि फोटो मोठा केला.

चौकीदाराच्या खोलीच्या भिंतीवर अंगठ्याचा ठसा होता. ओल्या प्लास्टरवर चुकून काकूंचा अंगठा टेकला होता. पुढे तिथे वेल चढवू म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला होता. जुन्या कापल्याची आडवी खूण असलेला तो अंगठा त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांच्याच हाताला होता.

काकूंनी उठून चादर काढली. फळी जशीच्या तशी होती. फाटकाच्या दांड्या मात्र आडव्या होत्या, त्यांनी सकाळी ठेवल्या होत्या तशाच.

हा सरांचा चावटपणा, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण सरांना साधा फोटो पाठवायचा तर शाळेतला शिपाई लागायचा. मग दुसरं कोण? खोलीत दुसरं कुणी येतच नव्हतं. काकू घाबरट नव्हत्या. दिवसभर माणसांचे जबडे समोर मांडून बसणाऱ्या बाईला सहसा कशाची भीती वाटत नाही. त्यांना राग आला, आणि रागातच त्यांनी लिहिलं, "हा फोटो तुम्ही कुठून घेतला? फळी कुणाची आहे?"

उत्तर लगेच आलं. "माझ्याकडे फळी नाही."

"फळी नाही? मग रूळ काय जमिनीवर टाकलेत का साहेब?" 'स्टेशनावर बसलो' यांनी मध्येच विचारलं. त्यावर नव्या माणसाने दुसरा फोटो टाकला.

तेच फाटक. रुळांवर एक सायकल आडवी पडलेली, पुढचं चाक दुमडलेलं. मागे बांधलेली जाळीची पिशवी फाटून फुटबॉल इकडेतिकडे गेलेले. सायकलवरचा माणूस फोटोत नव्हता.

काकूंनी अजून एकही सायकल बनवली नव्हती.

त्यांचा राग गळून गेला. डोकं मात्र चालत होतं, कामाच्या सवयीने एकेक गोष्ट तपासत होतं. टाकीची सावली. फोटोत टाकीची लांब सावली थेट रुळांवर पडली होती. फळीवर तशी सावली पडणं शक्य नव्हतं, तिथे दिवा बरोबर वरून यायचा. अशी सावली फक्त बाहेर पडायची. रोज संध्याकाळच्या सुमाराला सावली फाटकाच्या दिशेने लांबत जाई आणि ती रुळांना टेकली की सर घरी येत, हे काकूंना जाता-येता बघून बघून पाठ झालं होतं.

त्यांनी खिडकीतून पाहिलं. सावली सायकलच्या दुकानाच्या छपरावरून पुढे गेली होती. फाटक दुकानाच्या आड होतं.

त्यांनी सरांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. खिशातला फोन त्यांना ऐकू येतो कधी!

काकू पळाल्या. मेणाने माखलेला एप्रन अंगात, पायात घरातल्या चपला. एक चप्पल जिन्यातच राहिली. शेजारीण काहीतरी म्हणाली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. दुकानदार हातातली ट्यूब टाकून उभा राहिला. "काकू, काय झालं?"

काकू तशाच पुढे धावल्या.

फाटकाच्या दांड्या वर होत्या. लाल दिवा विझलेला होता.

सावली रुळांना टेकली होती.

पलीकडच्या उतारावरून सर येत होते. सायकल निवांत सोडलेली, मागे फुटबॉलची जाळी. गाडी यायची ती त्यांच्या उजव्या हाताकडून, गेलेल्या कानाच्या बाजूने, कारखान्याच्या भिंतीमागून.

"अहो!" काकू ओरडल्या. "अहो, थांबा!"

सर गाणं गुणगुणत होते.

काकूंच्या अनवाणी पायाखाली रूळ थरथरला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. पाहिलं तर पाय थांबतील, एवढं त्यांना कळत होतं. त्या रूळ ओलांडून पलीकडे गेल्या आणि दोन्ही हात पसरून सायकलसमोर उभ्या राहिल्या.

सरांनी करकचून ब्रेक दाबले. सायकल काकूंना धडकली, दोघं रस्त्याच्या कडेला आडवे झाले.

"अगं, वेड लागलंय का तुला? मी आत्ता..."

मालगाडी त्यांच्या पाठीमागून गेली. जाळीतून सुटलेला एक फुटबॉल घरंगळत रुळांवर गेला आणि फट्‌ असा फुटला. तो आवाज सरांनीसुद्धा ऐकला. गाडी गेल्यावर त्यांनी काकूंचा हात जो धरला तो सोडेचनात.

"फाटक उघडं होतं," ते म्हणाले.

"हो."

"तुला कसं कळलं?"

काकूंना रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही. दुकानदार पाणी घेऊन आला. गल्लीतली माणसं जमली. रेल्वेची माणसं आली, फाटकाची मोटर बिघडल्याचं सांगून गेली आणि जाताना दिव्याची तारही जळलीय म्हणाली. सरांचं कोपर सोलवटलं होतं, काकूंच्या गुडघ्याला खरचटलं होतं, सायकलचं हँडल वाकडं झालं होतं. बस्स, एवढंच. एवढ्यावर निभावलं होतं. घरी येताना काकूंना गल्लीतलं प्रत्येक दार नवं रंगवल्यासारखं दिसत होतं, आणि एरवी नकोशी वाटणारी शेजारीणसुद्धा त्यांना मायेची वाटली.

घरात शिरल्यावर सर थेट कपाटाकडे गेले. यंत्र कानात घातलं. पाच मिनिटांत तक्रार सुरू झाली. "हे घड्याळ पहिल्यापासून एवढं मोठ्याने वाजतं? आणि तू कप असे आपटतेस?"

"आपटते," काकू म्हणाल्या. "आता ऐका जन्मभर."

सर हसले. काकूंना ते हसणं किती वेळ ऐकू आणि किती नको असं झालं. सर स्वयंपाकघरात भांडी विसळत उभे राहिले, यंत्रातून येणारा पाण्याचा आवाज अप्रुपाने ऐकत. काकू मागच्या खोलीत गेल्या. कोण, कसं, कुठून, यातलं काहीच त्यांना विचारायचं नव्हतं. विचारून हाती काय लागणार होतं? त्यांना फक्त आभार मानायचे होते. त्यांनी अड्डा उघडला आणि फक्त 'उघडं फाटक'लाच दिसेल असं लिहिलं, "तुम्ही कोण ते सांगू नका. पण माझा माणूस घरी आला. तुमचे उपकार मी विसरणार नाही."

उत्तर लगेच आलं. "उपकार कसले? चूक माझी होती."

काकूंनी ते वाक्य वाचलं. रिवाजाप्रमाणे बरोबरच होतं. नाव स्वतःच्याच चुकीचं घ्यायचं असतं, दुसऱ्याच्या चालत नाही.

अड्ड्यावरच्या बाकीच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या गप्पा रंगात आल्या होत्या. नव्या माणसाने उलटी तार यांच्याकडे एक विनंती केली होती. "नाव बदलून हवं. ती चूक शेवटी झाली नाही. न झालेल्या चुकीचं नाव लावणं रिवाजात बसत नाही."

"बरोबर बोललात!" उलटी तार यांनी लिहिलं होतं. "असा नियमाने वागणारा माणूस फार दिवसांनी भेटला. मग आता काय नाव देऊ? पहिली चूक कोणती?"

स्वयंपाकघरात सर गुणगुणायला लागले. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत असल्यामुळे आज सूर बराच बरा लागत होता. काकू तो ऐकत, गुडघ्यावर हात ठेवून, उत्तराची वाट बघत राहिल्या.

"अजून व्हायची आहे," त्याने लिहिलं. "बुटका बोगदा यांच्या घरात. झाली की फोटो टाकतो."