काळदऱ्यातल्या हिरव्या सुया

ऐक. नुसतं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस, नाहीतर माझा धागा तुटतो.

प्रज्ञाला काळदऱ्यातून एकच वस्तू आणायची होती. अक्रोडाएवढा दगड, त्याच्यावर हिरव्या सुयांचा झुबका. बास. पण तो ओला आणायचा होता. सगळी गोम तिथंच आहे.

म्हणजे बघ, प्रज्ञा राहुरीची, खनिजांवर पीएचडी करते. हिवाळ्यात ती पारनेरच्या पठाराला चिरत खाली जाणाऱ्या काळदऱ्यात गेलेली. तिथं ओढ्यात वरून पडलेली एक धोंड फुटली होती, आणि आतल्या पोकळीत कोवळ्या वाटाण्याच्या रंगाच्या सुया. आता गारगोट्या आपल्याकडं विहीर खणली की पोत्यानं निघतात, त्यात नवल नाही. पण असला रंग तिनं कधी पाहिला नव्हता. कापसात गुंडाळून नेल्या. लॅबमध्ये डबी उघडली तर आत पांढरं पीठ!

त्या सुयांच्या अंगातच पाणी असतं. ते उडालं की रंग जातो, आकार जातो, सगळं ढासळतं. पण त्या पिठाची तपासणी केली तर लक्षात आलं की असलं खनिज जगात आजवर कुणी नोंदवलेलंच नाही. नवंकोरं!

आता तू म्हणशील, मग ठेवायचं नाव, झालं. तसं नसतं. खनिजाचं बारसं करायला जगभरातल्या जाणकारांची एक समिती असते. तिला सगळं दाखवावं लागतं, आत काय काय आहे, अणू कसे रचलेत, कुठल्या खडकात ते जन्मलं. आणि एक धड तुकडा कायमचा संग्रहालयात ठेवावा लागतो, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर ताडून बघता येईल. पिठाला कोण विचारतो? आणि प्रज्ञाची फेलोशिप जूनमध्ये संपणार. पाऊस लागला की काळदरा दिवाळीपर्यंत बंद. म्हणून ऐन मे महिन्यात, जेव्हा शहाणी माणसं घराबाहेर डोकं काढत नाहीत, तेव्हा ती निघाली.

सोबत दोघं. एक केदार, तिच्याच लॅबमधला, नगरचा. घरात पिढ्यानपिढ्या मास्तर, त्यामुळं बोलणं कधीतरी थांबवायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच नाही. दुसरा तिसगावचा गोरक्ष, ट्रेकवाल्यांचे दोर लावतो. हिवाळ्यात दऱ्याच्या भिंतीवर, निम्म्या उंचीला एक ओली काळी रेघ आणि तिच्याखाली हिरवी झाक त्यानंच दुर्बिणीतून हेरली होती. ती धोंड तिथूनच निखळली असणार. खालून तिथं चढता येत नाही. वरून उतरायचं, माल घ्यायचा, आणखी खाली उतरून दऱ्यातून चालत बाहेर पडायचं, असं ठरलं.

पहाटेच पठारावरून दोर सोडला. अंजनीच्या बुंध्याला दुहेरी दोर टाकायचा, उतरायचं आणि खालून एक टोक ओढून सगळा दोर आपल्याकडं घ्यायचा. दोर खाली आला की वर जायचा रस्ता संपला. केदारनं तो दोर सळसळत पडताना बघितला आणि म्हणाला, "गोरक्षराव, काही विसरलं असेल तर?"

"विसारलं आसंल तर विसारलं," गोरक्ष म्हणाला. "आता फकस्त खाली."

रेघेखालच्या कपारीत उभं राहायला जेमतेम जागा. समोर खडकात परातीएवढी पोकळी आणि आत, अरे, काय सांगू! पाझराचं पाणी एका कडेनं झिरपतंय आणि त्या ओलीत हिरव्या सुयांचा एक झुबका. एकच. बाकी आजूबाजूला जिथं ओल आटली होती तिथं नुसती पांढरी भुकटी. प्रज्ञानं आधी भिंगातून तो नीट बघून घेतला. मग तिनं छिन्नी काढली आणि झुबक्याला न दुखवता त्याच्या मागचा खडक कोरायला लागली. हातोडीचा एकेक ठोका दबकत. मनगटं भरून आली, डोळ्यांत कच गेली, तरी घाई नाही.

एकीकडं केदारनं पाझराखाली लोणच्याची काचेची बरणी धरली होती. तुकडा त्याच पाण्यात ठेवायचा, दुसरं चालणार नाही, असं प्रज्ञानं बजावलेलं. कारण त्या पाण्याचं आणि सुयांचं जमलेलं असतं, साधं पाणी त्यांना विरघळवू शकतं. पण पाझर कसला, थेंब थेंब थेंब! चिंधीची वात लावून बरणी भरेपर्यंत ऊन भिंतीवर येऊन बसलं.

"एक घोट पिऊ का?" केदारनं विचारलं.

"अजिबात नाही. त्या सुयांत व्हॅनेडियम धातू आहे. पाण्यात किती उतरलंय आणि पोटात जाऊन काय करेल, कुणालाच माहीत नाही. ही वस्तू जगात फक्त आपण बघतोय."

"आन् मी काय डोळं झाकून बसलोय व्हय?" गोरक्ष म्हणाला.

"नाव काय ठेवणार पण? केदाराइट कसं वाटतं?" केदार म्हणाला.

"शोधणाऱ्यानं आपलंच नाव ठेवायचं नसतं. नियम आहे."

"मग शोधनिबंधातून माझं नाव काढून टाक. मी फक्त दगड होऊन अमर होतो."

प्रज्ञा हसली. तिच्या मनात नाव ठरलेलं होतं, काळदराइट. दऱ्याचं नाव दऱ्याच्या लेकराला. पण तुकडा बरणीत जाईपर्यंत ते मोठ्यानं म्हणायचं नाही, असं तिचं तिनंच ठरवलेलं.

तुकडा सुटला. बरणीत गेला, झाकण घट्ट बसलं. हिरवा तसाच. तिघांनी हात मिळवले आणि गोरक्षनं पुढचा दोर टाकला.

खाली पाय टेकले तेव्हा सूर्य डोक्यावर. दऱ्याचा तळ म्हणजे काळा तवा. दोन्हीकडून भिंती तापलेल्या, वारं आलं तर भट्टीच्या तोंडातून आल्यासारखं. धोंडींवर हात टेकला की चटका. पण गोरक्ष निवांत होता. अर्ध्या वाटेवर मोठे रांजणखळगे आहेत, हिवाळ्यात काठोकाठ भरलेले होते, बारमाही पाणी, तिथं बाटल्या भरून घेऊ, असं तो म्हणालेला. म्हणून तिघांनी एकेकच बाटली आणली होती.

रांजणखळग्यांच्या आधी आग्या मोहोळं आडवी आली. कड्याच्या पोटाला पाच-सहा काळे पडदे लोंबत होते आणि त्यांच्या खालून वाट. गोरक्षनं तोंडावर बोट ठेवलं आणि वर भिंतीकडं हात केला. वळसा! बरणी दोरानं चढवा, माणसं चढवा, पलीकडं पुन्हा बरणी उतरवा, माणसं उतरवा. घाम निथळून कपड्यांवर मिठाचे पट्टे उठले. पुन्हा तळाला आले तेव्हा प्रज्ञाची बाटली रिकामी होती आणि गोरक्षच्या बाटलीत तळाशी घोटभर.

आणि मग रांजणखळगे आले.

पहिला कोरडा. दुसरा कोरडा. तिसऱ्यात फुटलेला चिखल, त्यात एक मेलेलं रानडुक्कर आणि माशा. यंदा उन्हाळाच लवकर तापलेला. गोरक्षनं सगळे खळगे पळत जाऊन बघितले आणि परत येऊन धोंडीवर बसला. "माझी चूक हाय, ताई," तो म्हणाला. "मी हिवाळ्यातलं पाणी उन्हाळ्यात धरलं."

"चल," प्रज्ञा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

चालले. म्हणजे पाय चालत होते. जीभ टाळूला चिकटलेली, बरणीची झोळी आलटून पालटून खांद्यावर. धोंडीवर चढा, धोंडीवरून घसरा. कुणाला कुणाकडं बघायचंही त्राण नाही. आणि बऱ्याच वेळानं प्रज्ञाच्या ध्यानात आलं की दऱ्यात फार शांत आहे.

केदार बोलत नव्हता.

तिनं मागं वळून बघितलं. तो येत होता, पण पाय टाकायची जागा चुकत होती. चेहरा लालभडक. आणि घाम नाही, कातडी कोरडी ठणठणीत. ती परत फिरेपर्यंत तो गुडघ्यांवर बसला आणि मग बाजूला कलंडला.

दोघांनी त्याला ओढून कड्याच्या सावलीत घेतलं. त्याच्या सॅकला हात घातला तर बाटली भरलेली! प्रज्ञाला आधी हायसं वाटलं, मग तिनं बाटली उजेडात धरली. आत ताकासारखं पांढरं पाणी. तळाशी गाळ.

"केदार, हे काय आहे?"

"डुप्लिकेट," तो पुटपुटला. "झुबक्याच्या कडेचा एक तुकडा खाली पडलेला. म्हटलं एक बॅकअप असू दे. तुझी बरणी फुटली बिटली तर."

कळतंय का तुला? लॅबमधली सवय! एकाच नमुन्यावर कधी भरवसा ठेवायचा नाही, दुसरा बाजूला काढून ठेवायचाच. पण हा नमुना त्यानं स्वतःच्या पिण्याच्या पाण्यात ठेवला, साध्या पाण्यात, तापत्या प्लास्टिकच्या बाटलीत. तुकडा विरघळून गेला आणि पाणी विषारी की काय झालं देव जाणे. आणि हा बाबा कुणाला न सांगता, कपारीपासून इथपर्यंत एक थेंब न पिता चालला होता. मागितलं असतं तर गोरक्षनं दिलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं ना.

गोरक्षनं आपला शेवटचा घोट त्याच्या तोंडात घातला. तो ओघळून बाहेर आला.

"ऊन लागलंय. लई वाईट लागलंय," गोरक्ष म्हणाला. "वाडी इथनं लांब न्हाई. मी एकला पळत गेलो तर तासाभरात मानसं आन् पानी घिऊन येतो. तवर ह्याला गार ठिवा."

"कशानं गार ठेवू?"

गोरक्षनं बरणीकडं बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे तिला दिसलं. दोर तिथंच टाकून तो पळत सुटला.

आता बघ. ती आहे, केदार आहे आणि मध्ये बरणी. पाणी प्यायचं नाही हे खरं, पण अंगावर ओतायला काय हरकत? तिला ते पहिल्या क्षणालाच सुचलं होतं. तरी तिनं आधी ओढणीनं वारा घातला. त्याचा शर्ट काढला, बूट काढले. सावली सरकली तसं त्याला सरकवलं. ती मनात म्हणत होती, तासाभराचा प्रश्न आहे. चार वर्षं घासलीत. हे गेलं तर पाऊस, मग फेलोशिप नाही, मग कुणीतरी दुसरं येईल किंवा कुणीच येणार नाही. तरणाताठा आहे, टिकेल. एक तास टिकेल ना?

वारा गरम होता. ओढणीनं गरमच वारा ढकलला जात होता.

केदारनं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आई, दार लावून घे, वर्ग भरलाय."

तिनं झाकण उघडलं.

आधी ओढणी भिजवली. मान, काखा, कपाळ. ओढणी बघता बघता सुकली! पुन्हा भिजवली. निम्मी बरणी गेली. पुन्हा. सुया पाण्याबाहेर डोकावायला लागल्या तेव्हा ती थांबली. केदारचे हात झटके द्यायला लागले. तिनं बरणी उपडी केली, सगळी, त्याच्या छातीवर. तुकडा काचेत खडखडला आणि बरणीतच राहिला.

मग ओली ओढणी हलवत ती बसली आणि तिच्यासमोर ते होत गेलं. सुयांची टोकं आधी फिकट झाली. मग पांढरी. मग तो पांढरेपणा खाली खाली उतरत बुडाशी गेला. एवढा सुंदर हिरवा तिनं कधी बघितला नव्हता आणि आता तो बघणारीही तीच शेवटची. रडायला डोळ्यांत पाणी नव्हतं. हात मात्र थांबला नाही.

गोरक्ष आला तो वाडीतली चार माणसं, पाण्याचे कॅन आणि एक बाज घेऊन. पण तासाभरात नाही. अर्ध्या वाटेत त्याचा पाय मुरगळला होता आणि उरलेली वाट त्यानं लंगडत काढली होती. ऊन तोवर कलायला आलं होतं. केदारला बाजेवर घातलं, धोंडींवरून हातोहात वाहून काढलं, जीपमध्ये टाकलं, पारनेर आणि तिथून नगर.

वाचला. दोन दिवस शुद्धीत ये-जा करत होता, मग बोलायला लागला, तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. डॉक्टरांना प्रज्ञानं विचारलं, ते पाणी ओतलं नसतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. कुणी टिकतं, कुणी नाही.

आणि खरी गंमत पुढं आहे. केदारला बरणीचं कळलं तर तो भडकला. सलाइन लावलेल्या हातानं कॉटवर आपटत म्हणाला, "अक्कल आहे का तुला? मी टिकलो असतो! तुझी चार वर्षं माझ्या अंगावर ओतलीस?" दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. केदार, दोन दिवस गप्प!

गोरक्षला बाहेर चहाच्या टपरीवर हे सांगितलं, तर त्यानं पायाचं बँडेज चोळत भलतंच ऐकवलं. "ताई, राग मानू नगा. मी गेल्या गेल्या तुमी वताया पायजे हुतं. तुमी लई येळ थांबला."

 काळदऱ्यावर आता पाऊस लागलाय, त्या खनिजाला अजून नाव नाही आणि फेलोशिप संपली. प्रज्ञा राहुरीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. मी तिला विचारलं, दिवाळीनंतर दरा उघडला की जाशील का? म्हणाली, "पाझराकाठी काही हिरवं उरलं असेल तर जाईन. तीन-तीन बाटल्या घेऊन." आणि मग उलट मलाच म्हणाली, "तू सांग, मी किती वेळ थांबायला हवं होतं?"

आता हाच प्रश्न तुला. तू सांग. तिथं तू असतास, समोर केदार, हातात बरणी, आणि गोरक्ष तासाभरात येतो म्हणून गेलाय. तू झाकण कधी उघडलं असतंस?