तीन चाळीसचा लाल दिवा

नेट दुरुस्तीच्या लाइनवरचे सगळे त्याला मीटर म्हणत, आणि त्याला कारणही तसंच होतं. गिऱ्हाईक कितीही कळवळून सांगो, "अहो, वारा सुटला की नेट जातं," हा गृहस्थ ढिम्म. आधी मीटर लावायचा, मग तोंड उघडायचं. राउटरची काचेची तार, म्हणजे फायबर, काढून मीटरमध्ये खुपसली की तुटल्या जागेपर्यंतचं अंतर पडद्यावर येतं. तारेवर दर मीटरला आकडा छापलेला असतोच. मोजत जायचं आणि जोडून यायचं. वीस वर्षांत मीटर आपल्याशी एकदाही खोटं बोलला नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

म्हणून थोरल्या बहिणीचं नेट जायला लागलं तेव्हा त्यानं ते हसण्यावारी नेलं. ताई एकटी राहायची आणि डॉक्टरांनी बोलून पाठवलेले रिपोर्ट घरबसल्या टाइप करायची. रोज दुपारी तीन चाळीसला राउटरवर लाल दिवा लागायचा आणि तीन चव्वेचाळीसला आपला आपण विझायचा. ऐन कामाच्या वेळी.

"साहेबांनी शेवटचं सांगितलंय," ताई म्हणाली. "पुढच्या आठवड्यातही हेच चाललं तर त्यानंतर कामावर येऊ नका म्हणे. घरातल्या घरात कुठं येऊ नको रे मी?"

दोघंही हसले. त्यानं राउटर उघडून तपासला, सगळे जोड पुसले, तार भिंतीतून ओढून पाहिली. दिवा काही ऐकेना. शेवटी सोमवारी तो वेळेआधीच मीटर घेऊन बसला.

तीन चाळीस. लाल. पडद्यावर आकडा आला : चौसष्ट.

चौसष्ट मीटरवर गल्लीच्या तोंडाचा खांब होता. तार शाबूत होती. खांबाच्या बुडाशी गल्लीतलं तपकिरी कुत्रं पडलं होतं, जबडा चेचलेला, चारही पाय नको तिथं वाकलेले. अंग अजून गरम होतं. "गाडीखाली आलं बिचारं," इस्त्रीवाला म्हणाला. त्या गल्लीत सायकलसुद्धा हातानं ढकलत न्यावी लागते, हे त्याला परत येताना आठवलं.

मंगळवारी आकडा आला एकेचाळीस. तिथं शेजारच्या काकांची पायरी होती आणि पायरीवर काका होते. दोन्ही कोपरं उलटी वळलेली, हनुवटीवरून रक्त, फरशीवर तीन दात.

"काका, कुणी मारलं?"

"कुणी नव्हतं," काका लाल फेसातून म्हणाले. "हाड आधी मोडलं. आवाज नंतर आला."

पोलीस म्हणाले, चोराचं काम. त्यानंही मान डोलावली. काकांचं पाकीट मात्र खिशात जसंच्या तसं होतं. वरून जाणाऱ्या तारेवर ओरखडासुद्धा नव्हता.

बुधवारी आकडा आला बारा, आणि मोजायला जायची गरजच पडली नाही. बारा मीटरवर ताईचं फाटक होतं. खिडकीतून दिसतच होतं.

धाड.

फाटकाचा एक गज आतल्या बाजूला वाकला. समोर कुणीही नव्हतं. लख्ख ऊन पडलं होतं. धाड. दुसरा गज. मग तिसरा, सावकाश, काही घाई नसल्यासारखा. वादळातही खांबावर चढणाऱ्या त्याची पाचावर धारण बसली. ताईनं त्याचा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतून रक्त आलं. चव्वेचाळीसला सगळं थांबलं. दिवा हिरवा झाला. फाटक एका बिजागरीवर लोंबत होतं.

चौसष्ट, एकेचाळीस, बारा. पुढचा आकडा कुठला, हे सांगायला मीटर नको होता.

"उद्या सकाळीच माझ्याकडे जायचं, बायको आहेच घरी," तो म्हणाला. "वाद नको."

"आणि काम?"

तिची नोकरी जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं आपल्या ऑफिसात सांगून तिचा राउटर आपल्या घरच्या लाइनवर नोंदवून घेतला. सकाळी त्यानंच तो काढला, वायर गुंडाळली, पिशवीत घातला आणि पिशवी ताईच्या हातात दिली.

गुरुवारी तो ताईच्या रिकाम्या घरात पहार मांडीवर घेऊन बसला. भिंतीतून आलेली तार मीटरमध्ये खुपसलेली होती. आज जे येईल ते आपल्या अंगावर येऊ दे, असं त्यानं ठरवलं होतं.

तीन चाळीस.

आकडा आला नाही. मीटर म्हणत होता, लाइन स्वच्छ आहे. फाटक हललं नाही. बाहेर कुणीतरी गादी झटकत होतं.

त्याचा जीव भांड्यात पडला. पहार खाली ठेवून तो एकटाच मोठ्यानं हसला.

फोन वाजला. ताई.

"अरे, सकाळपासून छान चाललं होतं. आत्ताच लाल दिवा लागला बघ."

त्याचं हसू तोंडातच राहिलं. मीटर घरापासून अंतर मोजत नाही. राउटरपासून मोजतो. वीस वर्षं तो लोकांना हेच समजावत आला होता.

"ताई, राउटरची विजेची वायर काढ. आत्ता."

"काढली रे. दिवा जात नाही. आणि तुमच्या जिन्यात कोण काय आपटतंय? तुझी बायको कडी लावायला गेलीय."

"तिला मागं बोलाव!"

फोनमधून एक आवाज आला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा. मग आणखी एक. मग बायकोची किंकाळी, आणि ती मधेच थांबली.

"ताई?"



"दारातलं आपटणं थांबलं," ताई अगदी हळू म्हणाली. "आता माझ्या टेबलाखाली आहे."

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन एकेचाळीस झाले होते.