अस्तराची बाजू

तुम्ही मापाला जुना पडदा घेऊन आलात आणि मी दारातूनच नको म्हटलं, याचा राग मानू नका. माप घ्यायला उद्या मी स्वतः येते, टेप घेऊन. बसा, दिवा लावते. का नको म्हटलं तेही सांगते.

आमच्या मागच्या गल्लीत एक नर्सबाई राहायच्या, तिसऱ्या मजल्यावर. रिटायर झालेल्या, एकट्या. नवरा पोस्टमन होता, तो नुकताच वारला होता. एके दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. झोपायच्या खोलीत एकच मोठी खिडकी आणि तिला पातळ पिवळा पडदा. म्हणाल्या, "जाड कापडाचा शिवा. मागून गडद अस्तर लावा. मधे फट नको, कडेला फट नको."

"दिवसा झोपता का?" मी विचारलं.

"झोप कसली..." एवढंच बोलल्या.

मी स्टुलावर चढून माप घेत होते. टेपवरचे आकडे एकदम अंधुक झाले, पुन्हा उजळले. ढग आला असेल म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा मात्र मी मान वळवली. पिवळ्या पडद्यावरून एक सावली चालली होती. माणसाएवढी. खिडकीच्या कडेपर्यंत गेली, वळली, परत आली.

मी पडदा सरकन बाजूला ओढला. खिडकी बंद होती. बाहेर गॅलरी नाही, सज्जा नाही. सरळ भिंत, आणि तीन मजले खाली रस्ता.

नर्सबाईंनी माझं स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं. "तुम्हालाही दिसतं तर," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटत होतं, माझंच डोकं फिरलंय."

मग खाली बसून त्यांनी सांगितलं. आयुष्यभर पायी फिरलेला माणूस. शेवटी छातीचं दुखणं लागलं, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. पण ते कुठले ऐकतायत! या खिडकीपाशी सारख्या येरझारा. ती चपलांची फटफट ऐकून बाई विटून गेल्या होत्या. एका दुपारी ओरडल्या, "अहो, बसा ना एकदाचे एका जागी!" ते गुपचूप खुर्चीत बसले. बाई चहा घेऊन आल्या, तर तसेच बसलेले... आणि गेलेले.

"बायकोचं पहिल्यांदाच ऐकलं हो त्यांनी," नर्सबाई म्हणाल्या. हसायला गेल्या, पण हसू आलं नाही.

टेपनं घेतलेलं माप अर्धवटच राहिलं होतं, म्हणून मापाला तो पिवळा पडदा मी घरी आणला. तीच माझी चूक.

अस्तराचं काम टेबलावर होत नाही. बाहेरच्या खोलीतलं सामान हलवून सगळी जमीन मोकळी करावी लागते. सासूबाई म्हणतात, "आज घर पडद्याचं, आपण पाहुणे." मी पिवळा पडदा खाली अंथरला, त्यावर नवं जाड कापड, त्यावर अस्तर, आणि गुडघ्यांवर बसून टाचण्या लावू लागले. सासूबाई कोपऱ्यात खुर्चीत. मोतीबिंदूमुळं त्यांना तेव्हा फक्त उजेड आणि अंधार तेवढा कळायचा.

"कोण गं सारखं ये-जा करतंय मघापासून?" त्यांनी विचारलं.

मी वर पाहिलं. घरात आम्ही दोघीच. दाराला कडी होती.

"कुणी नाही, आई."

"नाही कसं? हे बघ, आलं... आता गेलं."

माझ्या हातावरचा उजेड तेवढ्यात मंदावला आणि परत आला.

त्या चार दिवसांत घरात कुणाचं बूड टेकेना. हे ऑफिसातून आले की ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायचे, तेही खोलीभर फिरत. सासूबाई काठी घेऊन भिंतीच्या कडेनं जायच्या, वळायच्या, परत यायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "बसवत नाही गं. कुठंतरी पोचायचं राहिलंय असं वाटतं." मीही मशीनवर दोन टाके मारले की उठायची. मशीनच्या आवाजामागं काहीतरी ऐकू यायचं. मशीन थांबवलं की तेही थांबायचं.

कसाबसा पडदा पुरा केला आणि जुन्यासकट नेऊन दिला. नवा पडदा मी स्वतः टांगला, कडा भिंतीला लागून खिळवल्या. खोली काळोखी झाली. नर्सबाईंनी बराच वेळ पडद्याकडं पाहिलं. काही हललं नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला. घरी आले, तर हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

तीन आठवड्यांनी नर्सबाईंचा फोन आला. "अस्तर काढून टाका. आजच."

गेले. बाई ओळखू येईनात, इतक्या सुकल्या होत्या. 

"फेऱ्या थांबल्या ना?" मी विचारलं.

"थांबल्या. पण ते गेले नाहीत..." त्या कुजबुजल्या. "मी पुन्हा त्यांना एका जागी बसवलंय. पुन्हा तेच केलंय मी. चालू दे त्यांना. रात्रंदिवस चालू दे, मी काही म्हणणार नाही."

मी खिळे काढले, पडदा खाली उतरवला, तिथंच बसून अस्तर उसवलं. नुसतं कापड परत टांगलं. त्यातून मातकट उजेड आत आला. आम्ही दोघी पलंगावर बसून राहिलो. पाच मिनिटं. दहा. अर्धा तास... उजेड जागचा हलला नाही.

"येतील," बाई म्हणाल्या. "येतील ना हो?"

मी हाताला चाळा म्हणून अस्तराची घडी घालायला घेतली. अस्तराची सरळ बाजू, म्हणजे बाहेरून दिसणारी, काचेकडं असते. त्या पडद्यात आणि काचेत चार बोटांचंही अंतर नव्हतं, आणि खिडकी तर कायमची बंद. त्या बाजूला, उभ्या माणसाचं कपाळ येईल इतक्या उंचीवर, एक गोल डाग होता. तेलकट. कुणीतरी फार वेळ डोकं टेकून उभं राहावं, तसा.

डाग किती जुना ते बघावं म्हणून मी बोट लावलं.

कापड कोमट होतं.