पांढऱ्या दगडांच्या आत

नेत्रा पिंपळापुरेला त्या गुरुवारी फक्त दोन गोष्टी पोचवायच्या होत्या. बेसनाच्या लाडवांचा डबा आणि इस्त्री केलेला एक काळा ब्लेझर. धाकटा भाऊ निमिष पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी पीएचडी करत होता आणि शुक्रवारी सकाळी दहाला त्याचा डिफेन्स होता. पाच वर्षांचं काम प्रोफेसरांपुढे दोन तासांत मांडायचं, आणि पठ्ठ्याकडे अंगात घालायला धड कोट नव्हता. नागपूरहून आईने तीनदा बजावलं होतं, "घरचं एक तरी माणूस पाहिजे गं तिथे."

व्हर्जिनियातल्या हर्नडनहून, तिच्या घरून, तीन-सव्वातीन तासांचा रस्ता. गाडी मैत्रीण विनीता चालवणार होती. पण सकाळी सातलाच तिचा मेसेज आला. ताप आलाय, सॉरी यार, कॅन्सल करावं लागेल.

नेत्रा किल्ली घेऊन किचनमध्ये उभी राहिली. आठ महिने तिने त्या किल्लीला हात लावला नव्हता.

मार्चमध्ये, पावसाच्या एका संध्याकाळी, ऑफिसहून येताना तिच्या गाडीखाली माणूस आला होता. वॉल्टर हेन्स, वय एकसष्ट. झाडीतून एकदम रस्त्यावर उतरला. तिचा वेग मर्यादेत होता, सिग्नल हिरवा होता, फोन पर्समध्ये होता. पोलिसांनी मोजमापं घेतली, कोर्टाने कागद पाहिले आणि तिला सोडून दिलं. चूक कोणाचीच नव्हती. माणूस मात्र गेला होता. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये वॉल्टरचा भाऊ रॉय तिच्यापुढे येऊन उभा राहिला. उंच, वाकलेला, पांढऱ्या मिशांचा. अगदी हळू म्हणाला, "कायद्याने तुला सोडलं. मी कायदा नाही."

तरीही दुपारी ती निघाली. पहिली दहा मिनिटं ती सगळ्यात कडेच्या लेनमधून रांगत गेली. मग लीसबर्ग मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, नोव्हेंबरचं स्वच्छ ऊन काचेवर आलं. ती चक्क गाणं म्हणायला लागली. आपण चालवतोय! आपल्याला येतंय! हॅरिसबर्ग ओलांडलं, नदीकाठचा डोंगरातला रस्ता लागला, तेव्हा ती इतकी खुशीत होती की आरशात पाहायचंच विसरली होती.

पाहिलं, तेव्हा मागे विटकरी रंगाचा पिकअप ट्रक होता.

हाच ट्रक लीसबर्गलाही दिसला होता, तिला आता आठवलं. गेटिसबर्गपाशीही होता. तिने वेग कमी केला, त्यानेही केला. वाढवला, त्यानेही वाढवला. मग तो इतका जवळ आला की आरशात शिकाऱ्याची केशरी टोपी आणि तिच्याखालच्या पांढऱ्या मिशा स्पष्ट दिसल्या. आठ महिने रॉय हेन्स तिची गाडी पार्किंगमधून हलायची वाट पाहत होता.

धाड्!

बंपरला धक्का बसला. स्टिअरिंग हातात थरथरलं. तिने मदतीसाठी फोनवर नाइन वन वन लावला. डोंगरात सिग्नलची एकही काडी नव्हती. धाड्! दुसरा धक्का. समोर एक एक्झिट दिसली आणि विचार न करता तिने गाडी तिकडे घातली. टायर किंचाळले. पिकअपही वळला.

खाली अरुंद रस्ता, दोन्हीकडे उघडीबोडकी झाडं. पहिल्याच फाट्यावर पांढरी फळी रोवलेली होती, तिच्यावर हाताने रंगवलेला, आसरा अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द. रेफ्यूज. आणि एक बाण.

वन्यप्राण्यांचं अभयारण्य असणार, नेत्राला वाटलं. म्हणजे रेंजर असेल, ऑफिस असेल, माणसं असतील! तिने बाणाकडे गाडी वळवली. पुढचा फाटा, पुन्हा फळी. रेफ्यूज. तिसरा फाटा, तिसरी फळी. आणि रस्ता? डोंगरातला आडरस्ता खरा, पण पुढे पुढे तो रुंद होत गेला, गुळगुळीत होत गेला. एक खड्डा नाही. रस्त्यावर आलेली फांदी न् फांदी तोडलेली. जणू कोणीतरी जीव घेऊन पळणार आहे हे माहीत असलेल्या माणसांनी तो राखला होता.

धाड्! मागची काच तडकली. ऐंशी मैल... पंच्याऐंशी... नेत्राच्या तोंडून ओरडणं निघत होतं की हसणं, तिचं तिलाच कळत नव्हतं. चढ संपला आणि समोर रस्त्याच्या दोन्ही अंगांना चुन्याने रंगवलेल्या दगडांची एक रांग दिसली. गाडी त्या रांगेतून आत शिरली, आणि तिने ब्रेक दाबला.

मागे पिकअप करकचून थांबला होता. दगडांच्या बरोबर बाहेरच्या अंगाला.

शांतता. ताज्या पावाचा वास. वीस-पंचवीस लाकडी घरं, मध्ये एक पांढरं दुमजली घर, त्याच्या छपरावर घंटा. आणि रस्त्याच्या कडेला हातात टोपली घेतलेली एक म्हातारी. ऐंशीच्या पुढची, ताठ. जणू नेत्रा केव्हा येणार हे तिला सकाळपासून ठाऊक होतं.

"हातून माणूस गेला?" तिने विचारलं.

नेत्राने मान डोलावली.

"मुद्दाम?"

"नाही! शप्पथ नाही!" घाबरून ती मराठीतच बोलली. म्हातारीला कळलं असावं.

"मग ये. इथे तो तुला हात लावू शकत नाही." म्हातारीने टोपलीतून पाव काढला, लोण्याचा गोळा काढला आणि एक जाड लोकरी कोट नेत्राच्या खांद्यांवर घातला. कोट तिच्याच मापाचा होता. "खा. आणि माझं एवढं एकच ऐक, पोरी. माझ्या मुलाचं मरण मागू नकोस."

असं म्हणून ती पांढऱ्या घराकडे चालू लागली.

बाकावर बसलेला एक माणूस उठून जवळ आला. त्याचं नाव एमेट. शिकारीला गेला असताना झुडूप हललं, हरीण समजून त्याने गोळी झाडली, ती टॉमला लागली. टॉम त्याचा जिवलग मित्र.

"एकतीस वर्षं झाली," एमेट म्हणाला. "ती पलीकडची बाई नर्स होती. चुकीचं इंजेक्शन. इथे सगळे आपल्यासारखेच."

"पण हे आहे काय?"

"बायबलमधला जुना कायदा. तेव्हा अशी सहा गावं होती. ज्याच्या हातून नकळत माणूस मेला त्याने तिथे पळून जायचं. मेलेल्याच्या नातलगाला सूड घ्यायचा हक्क असे, पण गावाबाहेर. आत नाही." त्याने दगडांकडे बोट केलं. "इथे अजून तोच चालतो."

"आणि किती दिवस राहायचं?"

एमेटने पांढऱ्या घराच्या वरच्या खिडकीकडे पाहिलं. "धर्मगुरू जिवंत आहे तोवर. तो गेला की सगळे मोकळे. तो तिचा मुलगा आहे. म्हणून ती आपल्याला खाऊ घालते, कपडे शिवते. कोणी त्याचं वाईट चिंतू नये म्हणून."

"पण मी राहू नाही शकत! उद्या माझ्या भावाचा डिफेन्स आहे!"

"मलाही संध्याकाळी घरी जायचं होतं," एमेट म्हणाला.

रॉयने ट्रकमधून फोल्डिंगची खुर्ची काढली होती. दगडांपासून हातभर अंतरावर ती मांडून तो बसला, मांडीवर शिकारीची रायफल. नेत्रा त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आत येऊन बघ," ती म्हणाली.

"पाय उचलत नाहीत." त्याला स्वतःलाच नवल वाटत होतं. "बघितलं मी प्रयत्न करून... काही हरकत नाही. मला घाई नाही."

"मला खूप वाईट वाटतं, मिस्टर हेन्स. रोज वाटतं."

"दर रविवारी तो मला पॅनकेक करून घालायचा," रॉय म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "जळके. चाळीस वर्षं जळके पॅनकेक खाल्ले मी. अजून रविवारी लवकर जाग येते. तुझ्या वाईट वाटण्याचं मी काय करू, सांग?"

ती बाकावर परत आली. पाव अजून गरम होता. खाताना तिला निमिष दिसला, एकटा, लांड्या बाह्यांच्या शर्टात. आई दिसली, फोन कानाला लावलेली. एकतीस वर्षं... नेत्राचं वय एकोणतीस. तिने वर पाहिलं. खिडकीत साठीचा एक शांत माणूस उभा होता. त्याने तिच्याकडे पाहून हात उंचावला, ओळखीच्या माणसाला करावा तसा.

आणि तिच्या मनात आलं : मर ना एकदाचा.

प्रार्थना नव्हती ती. शाप नव्हता. नुसता विचार आला, गेला. पण तो मनापासून आला होता.

खिडकीतला हात तसाच हवेत थबकला. मग तिथे कोणीच नव्हतं.

छपरावरची घंटा वाजू लागली. घण्... घण्... घराघरांतून माणसं बाहेर आली आणि क्षणभर एकमेकांकडे नुसती पाहत राहिली. मग नर्सने किंकाळी फोडली. आनंदाची! कोणी गुडघ्यांवर बसलं, कोणी टोप्या उडवल्या, एमेट तर ढसाढसा रडत नाचायला लागला. "मोकळे! मोकळे!" सगळी वस्ती दगडांच्या दिशेने धावत सुटली. नेत्राही उठली, तिचंही काळीज नाचत होतं...

म्हातारी वाटेत उभी होती. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. धावणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा ती निरखत होती. नेत्रापाशी येऊन तिची नजर थांबली.

"सकाळी चांगली न्याहारी केली त्याने," म्हातारी म्हणाली. "तुला येऊन तास तरी झाला का गं?"

"मी काही केलं नाही..."

"पहिल्या वेळी नव्हतं केलंस." ती वाटेतून बाजूला झाली. "जा. यांच्यापैकी कोणालाच आता काही आठवणार नाही. तुला आठवेल."

नेत्रा धावत गाडीपाशी आली. एमेट हसत हसत शेजारून चालला होता. तिने त्याची बाही धरली. "एमेट, तुझ्या त्या मित्राचं नाव काय होतं?"

"कोणत्या मित्राचं?" एमेट म्हणाला, आणि शीळ घालत निघून गेला.

रॉय खुर्चीची घडी घालत होता. दगड ओलांडून गाडी त्याच्याजवळ गेली, तेव्हा त्याने हात करून तिला थांबवलं. तिने डोळे घट्ट मिटले.

"मिस, तुमचा बंपर पार गेलाय हो," तो म्हणाला. आवाजात काळजी होती. "कोणीतरी मागून ठोकलं वाटतं. काय माणसं असतात!"

"मिस्टर हेन्स... वॉल्टर..."

"कोण वॉल्टर?"

"तुमचा भाऊ."

तो हसला. "मी एकुलता एक, मिस." मग हसता हसता त्याचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला, चाचपडला, रिकामा बाहेर आला. काहीतरी विसरलेलं शोधावं तसा तो क्षणभर रस्त्याकडे पाहत राहिला. "जपून जा," एवढंच म्हणाला.

स्टेट कॉलेजला ती दिवेलागणीला पोचली. निमिष अपार्टमेंटखाली वाट पाहत होता. लाडवांचा डबा आधी उघडला, मग बंपर पाहिला.

"ताई! हे काय केलंस?"

"आठ महिन्यांनी चालवली ना रे."

"आठ महिने? अगं, गेल्या महिन्यात तूच तर मला एअरपोर्टला सोडलंस."

"निमिष, मार्चमधला तो अ‍ॅक्सिडेंट..."

"कसला अ‍ॅक्सिडेंट?"

बाथरूमचं दार लावून तिने फोन धुंडाळला. वकिलाच्या ईमेल नव्हत्या. कोर्टाची तारीख नव्हती. स्थानिक पेपरातली ती चार ओळींची बातमी नव्हती. वॉल्टर हेन्स नावाचा माणूस व्हर्जिनियात कुठे राहिल्याची खूणच नव्हती. तिने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजाखाली मनसोक्त हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग एकदम गप्प झाली. कारण वॉल्टरचा चेहरा मात्र तिला लख्ख आठवत होता, आणि जगात तो आठवणारी आता ती एकटीच होती.

डिफेन्स झकास झाला. काळ्या ब्लेझरमध्ये डॉक्टर निमिष पिंपळापुरे! आईने व्हिडिओवर ओवाळलं, मित्रांनी बिर्याणी आणली, दोन दिवस नुसता गोंधळ. रविवारी सकाळी नेत्रा परतीला निघाली. निमिषने काचेतून हात हलवला, तिने गाडी सुरू केली.

टिंग... टिंग... टिंग...

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला होता. म्हणजे शेजारच्या सीटवर माणूस बसला आहे, बेल्ट लावलेला नाही.

सीट रिकामी होती. पर्स मागे होती. तिने सीटवर हात फिरवला, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. टिंग... टिंग... निमिषच्या इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत तिने ते सहन केलं. मग गाडी कडेला घेतली, पलीकडे वाकली, पट्टा ओढला आणि खटकन लावून टाकला.

आवाज थांबला. गाडीत जळक्या पॅनकेकचा वास होता.

पट्टा सीटला टेकला नाही. सीटपासून वीतभर पुढे, माणसाच्या छातीवरून असावा तसा गोलसर तटून राहिला. आणि नेत्रा पाहत असतानाच तो हळूहळू वर आला, मग हळूहळू खाली बसला. पुन्हा वर आला.