चौथी ओळ

मावशीला बारा माणसं हवी होती. बारा मिळालीही, पण सातव्या नंबरच्या बाईंनी ऐन वेळी पाय मोडून घेतला. म्हणून सुट्टीत घरात लोळत पडलेल्या माझी वर्णी लागली. "तुझी टकळी घरात बंद होत नाही, निदान तिथे तरी कामी येईल," मावशी म्हणाली. टकळी हे आता माझं नावच पडलंय आणि मी ते मिरवते. कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत कोणी नुसतं 'बोल ग' म्हटलं तरी माझी दातखीळ बसायची.

काम असं होतं. मावशीच्या संस्थेत कॉम्प्युटरला एखादं जग समजावून सांगायची दोन सॉफ्टवेअर होती. जग म्हणजे काहीही, दवाखाना, ग्रंथालय, घर. त्यात काय काय आहे, कोणाचं कोणाशी काय नातं, नियम कुठले, हे आपण सांगायचं. मग 'निष्कर्ष काढा' हे बटण दाबलं की आपण न सांगितलेलं ते स्वतः शोधून काढतं. बाबांना एक बहीण आहे एवढं सांगितलं की मला आत्या आहे हे त्याला आपोआप कळतं. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं गोल आणि रेघा काढून सांगायचं. दुसऱ्यात फॉर्म भरायचे, म्हणजे रकाने, याद्या आणि टिकच्या खुणा. साध्यासुध्या माणसाला यातलं कुठलं सोपं जातं, ते मावशीला शोधायचं होतं. पहिल्या दिवशी चित्र, दुसऱ्या दिवशी फॉर्म, काम तेच. कुठे अडलो, किती सेकंद लागले, किती चुकलो, सगळं नोंदवलं जाणार. आणि अट एकच, डोक्यात जे येईल ते मोठ्याने बोलत राहायचं.

"म्हणजे मला बडबडीचं काम मिळालंय," मी म्हणाले.

"हो. आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ती बडबड लिहून घेणार आहे."

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पांढऱ्या भिंती, एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक माईक, आणि डावीकडे फिरवली की कुरकुरणारी खुर्ची. समोरच्या भिंतीत मोठा आरसा. त्या आरशापलीकडे मावशी आणि तिचे सहकारी बसणार, त्यांना मी दिसणार, मला ते नाही. सहकारी म्हणजे निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेले. मी त्यांचं लगेच घड्याळकाका करून टाकलं. त्यांनी माझा फोन मागून घेतला, खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

"काका, पलीकडे डुलकी लागली तर घोरू नका हं. माझं लक्ष जाईल."

"घोरलो तर तेही नोंदवू," ते म्हणाले.

मला मिळालेलं जग होतं 'माझं घर'.

मी सुटलेच. गोल काढला, आई. गोल काढला, बाबा. गोल काढला, मी. मग खोल्या. आई-बाबांची मोठी खोली, त्यात ते दोघं झोपतात. माझी खोली, त्यात दोन पलंग, एक भिंतीशी, त्यावर मी, आणि एक खिडकीशी. नमुन्यात दिला होता तसा नियमही घातला की प्रत्येक पलंगावर कोणीतरी झोपतं. तोवर रेघांची नुसती गुंतवळ झाली होती आणि मी तेही माईकला सांगून टाकलं. मग 'निष्कर्ष काढा' दाबलं.

सगळे गोल जरा हलले, आपापल्या जागी बसले. आणि 'मी'च्या शेजारी आणखी एक गोल आला. कडा राखाडी, तुटक. आत लिहिलं होतं 'कोणीतरी'.

मी वाकून ते पुन्हा वाचलं. आरशाच्या वरच्या स्पीकरमधून मावशीचा आवाज आला. "घाबरू नकोस. तू दोन पलंग सांगितलेस, प्रत्येकावर कोणीतरी झोपतं म्हणालीस, आणि भिंतीकडच्यावर तू. मग खिडकीकडच्यावर कोणीतरी असणारच, एवढंच ते म्हणतंय."

"पण नाहीये ना तिथे कोणी."

"ते तू त्याला सांगितलं नाहीस," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, हळू आवाजात, "न सांगितलेलं ते खोटं धरत नाही."

खिडकीशी माझी ताई झोपायची. दोन वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, कॉलेजला जाते म्हणून सकाळी गेली आणि आलीच नाही. चिठ्ठी नाही, फोन नाही, कोणाशी भांडण नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, तिच्या मैत्रिणींचे उंबरठे झिजवून झाले. चौदा वर्षं मी तिच्या पाठीमागे उभी राहून काढली होती, दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर. माझ्या वतीने तीच बोलायची. ती गेली आणि घरात बोलणारं कोणी उरलंच नाही, मग मी बोलायला लागले. सगळे म्हणतात, किती धीट झालीस. मला ते ऐकायला आवडतं आणि त्याच वेळी चोरी पकडल्यासारखंही वाटतं.

मी तो राखाडी गोल उचलून लांब, कोपऱ्यात नेऊन ठेवला. चित्र पुन्हा आपोआप लागलं, आणि तो माझ्या शेजारी येऊन बसला. तीनदा नेला, तीनदा आला.

शेवटचं काम होतं यादी बंद करायचं. म्हणजे या घरात एवढीच माणसं, याउपर कोणी नाही, असं सांगायचं. चित्रात त्यासाठी माणसांच्या गोलांभोवती एक कुंपणाची रेघ ओढायची होती. मी रेघ आईपासून सुरू केली, बाबांच्या खालून नेली, माझ्यापर्यंत आणली. आता तिला आमच्या दोघींच्या मधून जायचं होतं. मधली फट माझ्या नखाएवढी होती. माझा हात पुढे जाईना. मधून रेघ ओढली तर ती बाहेर, आणि बाहेर ठेवणारी मी.

"बाकीच्यांना याला वीस सेकंद लागले," घड्याळकाका नंतर म्हणाले. तक्रार म्हणून नाही, त्यांच्या कागदावर तसं होतं. माझ्यापुढे त्यांनी लिहिलं, चार मिनिटं, अपूर्ण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने मला आरशाच्या पलीकडे बोलावलं. तिचे डोळे जड दिसत होते. "काल तू मध्ये मध्ये कोणाशी बोलत होतीस?"

"तुझ्याशी. माईकशी. तूच सांगितलं होतंस."

तिने कालचं रेकॉर्डिंग लावलं. माझाच आवाज, भरधाव. 'आता हा पलंग इथे ठेवते.' मग चार सेकंद शांतता. मग पुन्हा मी, 'नको, तिथे ऊन येतं.' पुन्हा शांतता. 'हो, हो, सांगते त्यांना.' पुन्हा शांतता, आणि मी हसले. अशा सहा जागा होत्या. मला त्यातली एकही आठवत नव्हती.

"स्वतःशीच बोलले असेन," मी म्हणाले.

घड्याळकाका कागदावरून नजर न काढता म्हणाले, "स्वतःशी बोलणारा माणूस उत्तराची वाट बघत नाही."

"मस्करी करत असशील तर आत्ता सांग," मावशी म्हणाली. "मी रागावणार नाही. फक्त सांग."

मी नाही म्हणून मान हलवली. तिने माझ्याकडे बघितलं, मग काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे. "हवं तर आज सोडून देऊ. आपण दोघी बाहेर जाऊ, हिंडू. अकराच माणसांचं मांडेन मी."

मी नको म्हणाले. खरं सांगायचं तर मला तिथे बसायचंच होतं. रात्रभर मला तो तुटक कडांचा गोल दिसत होता आणि त्याची अजिबात भीती वाटत नव्हती.

फॉर्मवाल्यात चित्र नव्हतंच. डावीकडे याद्या, उजवीकडे रकाने. माणसं या यादीत तीन ओळी भरल्या, आई, बाबा, मी. खोल्या भरल्या, आई-बाबा मोठ्या खोलीत झोपतात तेही टाकलं. पलंगांचा तो नियम या वेळी मी मुद्दाम गाळला, आणि वस्तूंमध्ये टेबल, दिवा, कपाट एवढंच टाकलं. हात भराभर चालला. सोपं होतं, मी तसं बोललेही. एका वेळी एकच रकाना दिसतो, त्यामुळे आपण काय बांधतोय ते समोर येत नाही. म्हणूनच सोपं जातं.

'निष्कर्ष काढा' दाबलं. माणसांच्या यादीत चौथी ओळ आली.

कोणीतरी. झोपायची जागा, खिडकीशी. वापरते, लाकडी कंगवा.

नियम मी घातला नव्हता. कंगवा मी कुठेच लिहिला नव्हता.

आणि तो ताईचा असणंही शक्य नव्हतं. तो कंगवा मी मागच्या महिन्यात माझ्यासाठी आणला होता. ताईने तो कधी पाहिलाही नव्हता.

"मावशी," मी म्हणाले, "हे तुला दिसतंय?"

स्पीकरमध्ये नुसती खरखर झाली. मग काकांचा आवाज, लांबून. "या ओळीच्या वेळी तिने एकही कळ दाबलेली नाही. मी दोनदा बघितलं."

"उठ," मावशी म्हणाली. "टकळे, उठ, पुरे झालं."

पण शेवटचं काम राहिलं होतं. फॉर्मच्या तळाशी छोटा चौकोन होता आणि त्यापुढे लिहिलं होतं 'यादी पूर्ण आहे'.

मी विचार केला. खरंच केला, अगदी शांतपणे. यादीत आता चार ओळी होत्या. ती आत होती. इथे कुंपण ओढायचं नव्हतं, कोणाला बाहेर ठेवायचं नव्हतं. आत्ता टिक केली तर ती आमच्यात राहील. मग कोणीही येऊन सांगितलं तरी तिला काढता येणार नाही.

मी टिक केली. दोन सेकंद लागले.

बटण न दाबताच खाली एक ओळ उमटली.

कोणीतरी, मी. एकच व्यक्ती.

मावशी धावत आत आली. मी पहिल्यांदा तिला धावताना पाहिलं. तिने पडद्यावरची ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

"हे असं का?" मी विचारलं.

"तुझ्या हाताने भरलेल्या ओळी तीनच होत्या." ती एकेक शब्द तपासून बोलत होती, जणू चुकली तर काहीतरी पडेल. "याउपर कोणी नाही म्हणालीस. मग हे कोणीतरी त्या तिघांपैकीच. आई-बाबा मोठ्या खोलीत झोपतात, तेही तूच सांगितलंस. मग उरलं कोण?"

"पण आम्ही वेगळ्या आहोत."

"तसं तू सांगितलं नाहीस."

"असं सांगायला कोणी बसतं का, मावशी?"

"इथे सांगावं लागतं." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता. "बाजूला 'वेगळे' म्हणून बटण आहे. ते दाब. मग काहीतरी जुळत नाही असं ते म्हणेल आणि काय खोडायचं ते विचारेल. तू ती ओळ खोड."

बटण होतं. माझं बोट माऊसवर होतं.

एक तर ती नव्हती. नाहीतर ती मी होते.

आरशात मला माझा चेहरा दिसत होता, त्याच्या मागे मावशी. मी खूप दिवसांनी स्वतःला इतकं नीट बघत होते.

"दाब ना ग," मावशी म्हणाली.

मी माऊसवरून हात काढला.

बाहेर आल्यावर काकांनी शेवटचा छापील कागद पुढे केला. सगळेच भरतात तो. सॉफ्टवेअर आवडलं का, पुन्हा वापराल का, पाचपैकी गुण द्या. वर वय, शिक्षण आणि सही. मी उभ्याउभ्या भरला, काकांना म्हटलं की तुमच्या घड्याळाला आता विश्रांती द्या, आणि पायऱ्या उतरायला लागले. मागून मावशीने विचारलं, "हे वय तू लिहिलंस?"

माझंच अक्षर होतं. एकवीस.

"घाईत चुकलं असेल," मी म्हणाले. मी सोळा वर्षांची आहे. मावशीने खाडाखोड केली नाही. तो कागद फाईलमध्ये न लावता चार घड्या घालून तिने पर्समध्ये टाकला. मला आमच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडलं, पण ती स्वतः वर आली नाही. आईशी काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं, हे मला कळलं.

आमच्या दाराला एक कुलूप आहे, बाहेरून किल्लीने उघडणारं, आणि वर आतून लावायची कडी. कडी लावली की बाहेरून किल्लीचा काही उपयोग होत नाही. ताईची किल्ली ताईकडेच आहे. म्हणून दोन वर्षांत आईने ती कडी एकदाही लावलेली नाही. बाबा काही म्हणत नाहीत, मीही नाही. आमच्या घरात त्यावर कोणी बोलत नाही.

त्या संध्याकाळी मी आत आले तेव्हा बाबा खुर्चीत चष्मा पुसत होते. मी चपला काढल्या. आई हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघत राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

"दमलीस का ग?"

"थोडीशी."

तिने माझ्या कानामागची बट सारखी केली. मग ती दाराशी गेली.

"आले सगळे," असं हळूच, कोणालाही न उद्देशून म्हणाली, आणि कडी लावली.