राखणकुपी

कुपी काढलेली शेळी सकाळपासून पाणी पीत होती. बादली संपली की ती मान वर करून डॉ. विद्याधर दाबक्यांकडे पाही, आणि त्या पाहण्यात शास्त्रीय असं काही नव्हतं. प्यायलेलं सगळं ती मागच्या बाजूने तितक्याच तत्परतेने परत करत होती. प्रयोगशाळेच्या फरशीवर थारोळं साचलं होतं, आणि त्याच्या मधोमध शेळी तहानेने व्याकूळ उभी होती.

"सर, हिची स्वतःची ग्रंथी झोपलीय," साडीच्या निऱ्या उचलून धरत डॉ. रेवती टेमघरे म्हणाली. ती एकेकाळी दाबक्यांची विद्यार्थिनी होती, आता सहकारी होती, आणि दोन्ही गोष्टींचा पुरेपूर फायदा घेत होती.

"झोपलंय ते उठेल."

"आधीच्या शेळीचं उठायला महिना लागला. महिनाभर मी बादली भरत होते. खडकनगरात आठ लाख माणसं आहेत. त्यांच्या बादल्या कोण भरणार?"

दाबक्यांनी शेळीपुढे दुसरी बादली सरकवली. राखणकुपी त्यांचीच होती. चार वर्षांपूर्वी खडकनगरचा तलाव आटला, तेव्हा जलमंडळाने शास्त्रज्ञांना बोलावून पाणी वाढवायचा उपाय विचारला. पाणी वाढवता येणार नाही, पण माणसाची गरज कमी करता येईल, असं दाबके म्हणाले आणि त्यांना शाल मिळाली.

"पहिल्या तासाला तुम्हीच शिकवलंत ना?" टेमघरे सोडायला तयार नव्हती. "रक्त खारट झालं की मेंदूच्या तळाशी, अधश्चेतकातल्या पेशी आक्रसतात आणि दोन हुकूम सुटतात. एक आपल्याला, पाणी प्या. दुसरा मूत्रपिंडांना, पाणी सोडू नका. हा दुसरा हुकूम नेणारं संप्रेरक आपण कुपीत भरलं आणि लोकांच्या दंडात बसवलं."

"आणि शहर वाचलं."

"वाचलं की. पण रक्त पातळ झालं तर मेंदू तो हुकूम मागे घेतो, कुपी घेत नाही. तिला रक्तातलं काही कळत नाही. तिला फक्त मंडळातलं कळतं."

हे खरं होतं. शहरातल्या सगळ्या कुप्या मंडळाच्या नियंत्रणकक्षातून बिनतारी संदेशावर चालत. त्यासाठी भिंतीत एक पितळी किल्ली बसवली होती, कारण उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांना फिरवायला काहीतरी हवं होतं. किल्लीला चालू आणि बंद अशा दोनच जागा होत्या. कमी-जास्त करण्याची किंवा एकेकाची कुपी वेगळी चालवण्याची सोय दाबक्यांनी मागितली होती. ती पुढच्या टप्प्यात होती.

यंदा मात्र बोगद्यातून नदीचं पाणी आलं होतं आणि तलाव काठोकाठ भरला होता. कुप्या बंद करा, असं कुणाच्या मनात आलं नाही. भरलेला तलाव कमी पाण्यात भागवणाऱ्या शहराला किती वर्षं पुरेल, याची भाषणं सुरू होती.

फोन वाजला. शेजारच्या माईणकरवहिनी होत्या.

"भावजी, घाबरू नका हं. नलिनीवहिनींना जरा कसंतरी होतंय. उलटी झाली, आणि आता मलाच विचारतायत, तुम्ही कोण म्हणून."

"कुठे आहात?"

"आमच्याकडेच. चैत्रगौरीचं हळदीकुंकू ना आज! सकाळपासून अख्खी कॉलनी फिरलो. ऊन लागलं बहुतेक. तुम्ही सावकाश या, आम्ही पाणी पाजतोय."

दाबके उठून उभे राहिले. "पाणी देऊ नका!"

"काय?"

"थेंबसुद्धा नको! आधी गाडी बोलवा आणि इस्पितळात न्या. खारट काहीतरी चाटवा. लोणचं चाटवा!"

पलीकडे कुजबुज झाली. "काय म्हणतायत डॉक्टर?" "लोणचं म्हणतायत." "बिचारे! बायकोचं ऐकून डोकं फिरलं. तू दे गं पाणी."

चार वर्षं खडकनगरात हळदीकुंकवाला चमचाभर तीर्थासारखं पन्हं मिळालं होतं. यंदा घरोघर पाण्याचा तांब्या आणि पन्ह्याचा मोठा पेला होता. दोन घरांनंतर नलिनीच्या मेंदूने पुरे म्हटलं असणार, घोट गिळणंही जड केलं असणार. निसर्गाने ती सोय करून ठेवली आहे. पण यजमानीण पेला धरून समोर उभी असते, आणि आपल्याकडे पाण्याला नको म्हटलं तर त्याचा अर्थ तहान नाही असा होत नाही. तो भलताच होतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतो. नलिनी प्रत्येक घरी प्यायली. तिच्या कुपीने त्यातला थेंब बाहेर जाऊ दिला नाही. पातळ झालेल्या रक्तातलं पाणी आता पेशींत शिरत होतं. बाकीच्या पेशींना फुगायला जागा असते, मेंदूला कवटीत ती नसते.

इस्पितळाच्या व्हरांड्यात जरीच्या साड्या ओळीने आडव्या पडल्या होत्या. प्रत्येक बाईजवळ एक नातेवाईक आणि प्रत्येक नातेवाइकाच्या हातात पाण्याची बाटली. नलिनीला झटका येऊन गेला होता. दाबक्यांनी हाक मारली, तिने डोळे उघडले नाहीत.

"मीठपाण्याच्या सलाइनच्या शेवटच्या बाटल्या लावल्यात," नर्स म्हणाली. "तुमच्या मिसेसना नाही लागली. रांगेत होत्या."

नियंत्रणकक्षात मंडळाचे अध्यक्ष उमरीकर किल्लीसमोरच बसले होते. टेमघरेही धावत आली.

"बंद करा," दाबके म्हणाले.

"अख्ख्या शहराच्या कुप्या? तुमच्या मंडळींसाठी?"

"व्हरांड्यात पडलेल्या सगळ्यांसाठी. एकेकीची कुपी कापून काढायला वेळ नाही. तासाभरात मूत्रपिंडं मोकळी झाली नाहीत, तर त्या उठणार नाहीत."

"आणि बाकीचे?" उमरीकरांनी टेमघरेकडे पाहिलं. "बाई, तुमच्या शेळीचं काय झालं म्हणालात?"

टेमघरेने मान खाली घातली. "पीत राहते. तलाव आठवडा काढणार नाही."

"ऐकलंत?"

ऐकलं होतं. दाबक्यांनी उमरीकरांच्या खांद्यावरून हात घातला आणि किल्ली फिरवली. मंत्र्यांनी फिरवली तेव्हा टाळ्या झाल्या होत्या. आता टेमघरेने नुसता श्वास सोडला.

दिवेलागणीला नलिनीने नवऱ्याला ओळखलं. व्हरांड्यातल्या बायका एकेक करून उठू लागल्या आणि न्हाणीघराकडे रांग लागली. मग सगळ्या शहरालाच तहान लागली. चार वर्षं लोक हा शब्द सवयीने वापरत होते, अनुभव विसरले होते. नळ सुटले ते बंद होईनात. उमरीकर तांब्यानेच पाणी पिऊ लागले, आणि दोन तांब्यांच्या मध्ये न्हाणीघरात पळत जाऊन येऊ लागले. भिंतीवरचा तलावाचा काटा डोळ्यांदेखत सरकत होता.

"डॉक्टर, बायका वाचल्या. आता करा चालू," ते धापा टाकत म्हणाले.

"आत्ता? शहराच्या पोटात तलाव आहे. आत्ता चालू केली तर दुपारी बायका पडल्या होत्या, आता सगळे पडतील."

"मग कधी?"

"लोक कोरडे झाले की. नळ बंद करा. घरात साठवलेलंही प्यायचं नाही, असं जाहीर करा. सकाळपर्यंत तहान काढली, तर किल्ली फिरवता येईल. पुढे मोजून मापून पाणी, ग्रंथी जाग्या होईपर्यंत."

"भरल्या तलावाशेजारी तहान काढायला सांगू?"

"माझी बायकोही त्यात आहे."

नळ बंद झाले. मंडळाच्या गाड्या कर्णे लावून ओरडत फिरल्या. स्वतः दाबक्यांची जीभ टाळूला चिकटली होती. सकाळी टेमघरेने कक्षातल्या तिघांचं रक्त तपासलं. खारट, अगदी हवं तितकं. उमरीकरांचा हात किल्लीवर होता. दाबक्यांनी खात्रीसाठी नलिनीला फोन लावला.

"अहो," तिचा आवाज करवतीसारखा आला, "जीव चाललाय माझा."

"पाणी प्यायलीस?"

"नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाई कधीच्या तांब्या पुढे करतायत. घरून आणलाय त्यांनी, सगळ्यांना देतायत."

"सगळ्यांना? आणि सगळे घेतायत?"

"न घेऊन कसं चालेल?"

"नलू, ऐक. नको म्हण. एकदाच म्हण. तुझं बघून बाकीचे म्हणतील."

मग फोनपासून दूर, तिचा आवाज आला, "नको हो, खरंच नको."

दाबक्यांनी डोळे मिटले.

"का हो?" दुसऱ्या बाईचा आवाज दुखावलेला होता. "डॉक्टरांच्या घरच्यांना आमच्या हातचं चालत नाही का?"

"अगंबाई, असं काय बोलता!" नलिनी म्हणाली. आणि मग फोनमधून घोट ऐकू येऊ लागले, एकामागून एक, घाईघाईचे.

"फिरवू?" उमरीकरांनी विचारलं.

दाबक्यांनी त्यांचा हात बाजूला केला, किल्ली उपसून खिशात टाकली आणि भिंतीला पाठ लावून खुर्ची ओढली. नळ बंद म्हणून लोक घागरी घेऊन तलावावरच उतरले होते, आणि काटा खाली चालला होता. खडकनगरात कुणीतरी समोर आलेल्या पाण्याला नाही म्हणेपर्यंत त्यांना तिथून उठता येणार नव्हतं.